‘दिल्ली सफारी’: बोरिवलीचा बिबट्या संसदेत का गेला? गोष्ट कुठे पटते, कुठे फसते

बोरिवलीच्या जंगलातलं बिबट्याचं एक पिल्लू आई, एक माकड, एक अस्वल आणि एक पोपट यांच्यासोबत दिल्लीला निघतं. कशासाठी? तर आमचं जंगल का तोडताय, हे संसदेला विचारायला.

निखिल अडवाणी दिग्दर्शित ‘दिल्ली सफारी’ची ही एका ओळीतली गोष्ट. हा अॅनिमेशनपट ऑक्टोबर २०१२ मध्ये थिएटरमध्ये आला. तो बनवला पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. ६०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपट ठरला. ऑस्करच्या अॅनिमेशन विभागासाठी त्या वर्षी जे २१ चित्रपट विचारात होते, त्यांतही त्याचं नाव होतं. तरी आज तो आठवणारे कमीच, आणि आठवला तरी ‘लहान मुलांचं कार्टून’ म्हणूनच.

पण आरे कॉलनी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तो आज पुन्हा पाहिला तर प्रश्न पडतात. काही मजेशीर, काही जरा गंभीर. बिबट्या आणि माकड मित्र कसे? पोपटालाच माणसांची भाषा का येते? जंगल वाचवायला संसदेत जाऊन उपयोग काय? यातल्या कोणत्या खऱ्या चुका आणि कोणत्या चुका नाहीतच, ते बघू.

(पुढे कथा उघड केली आहे. चित्रपट पाहायचा बाकी असेल तर आधी बघून या.)

आधी थोडक्यात कथा

सुलतान हा नर बिबट्या, बेगम त्याची जोडीदार आणि युवी त्यांचं पिल्लू. बिल्डरची माणसं बुलडोझर घेऊन जंगल सपाट करायला येतात आणि त्यात सुलतान मरतो. प्राण्यांची सभा भरते. माकडांचा म्होरक्या बजरंगी म्हणतो, गनिमी काव्याने लढू. बग्गा अस्वलाचं मत, शांततेने बोलू. शेवटी दिल्लीला जायचं ठरतं. पण माणसांशी बोलणार कोण? मग अॅलेक्स नावाचा पाळीव पोपट उचलून आणला जातो, कारण माणसांची भाषा त्यालाच येते. अॅलेक्सला जंगलातले प्राणी गावंढळ वाटतात आणि त्याला यायचंच नसतं. भांडत, चुकत, धडपडत ही वरात दिल्लीला पोचते आणि शेवट गोड होतो.

आवाज सगळे ओळखीचे आहेत. गोविंदा बजरंगी, बोमन इराणी बग्गा, अक्षय खन्ना अॅलेक्स, सुनील शेट्टी सुलतान, स्विनी खरा युवी आणि उर्मिला मातोंडकर बेगम. उर्मिलाचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चूक नेमकी कशाला म्हणायचं?

सोशल मीडियावर ‘प्लॉट होल’ हा शब्द फार सैल वापरला जातो. प्राणी बोलतात, म्हणजे प्लॉट होल. माकड नाचतं, म्हणजे प्लॉट होल. असं नसतं.

गोष्ट सुरू होताना आपण तिच्याशी एक करार करतो. प्राणी बोलतात? ठीक, मान्य. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ मध्ये यावर लिहिलं होतं: वाचक आपली शंका काही काळ राजीखुशीने बाजूला ठेवतो. आपल्याकडे हा करार त्याहून कितीतरी जुना आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे राजकारणावर बोलतात तेव्हा ‘कोल्हा कसा बोलेल’ असं कोणी विचारत नाही.

चूक होते ती गोष्ट स्वतःच घातलेला नियम मोडते तेव्हा, किंवा नियम घालून त्याचे परिणाम विसरते तेव्हा. खऱ्या जगाशी न जुळणं ही वेगळी बाब आहे. ती माफ करता येते. मात्र चित्रपट खऱ्या जागेचं नाव घेऊन खरा प्रश्न मांडत असेल, तर खऱ्या जगाचा हिशेब थोडा तरी द्यावाच लागतो. ‘दिल्ली सफारी’ दोन्ही बाजूंनी तपासावा लागतो तो यामुळेच.

भाषेचा नियम

अॅलेक्स वगळता कोणालाच माणसांची भाषा बोलता येत नाही, हा चित्रपटाचा मुख्य नियम. सगळा प्रवास त्यावर टेकलेला आहे. पोपट नसता तर दिल्लीला जाण्यात अर्थच नव्हता.

इथे एक फट आहे. बोलता येत नाही हे कळलं, पण समजतं का? जंगल तोडण्यामागे कोण आहे आणि निर्णय दिल्लीत होतात, हे प्राण्यांना ठाऊक आहे. मग माणसांच्या जगाची एवढी माहिती असलेल्यांना ‘ए, बाजूला हो’ इतकंही बोलता येऊ नये? पडद्यावर सगळेच हिंदी बोलतात, त्यामुळे प्रेक्षकाला हा फरक जाणवत नाही. प्राण्यांची हिंदी आणि माणसांची हिंदी या दोन वेगळ्या भाषा आहेत, हे आपल्याला सतत आठवत राहावं लागतं.

पोपट निवडणं मात्र हुशारीचं. पोपट माणसाच्या आवाजाची नक्कल करतो हे सगळ्यांना माहीत असल्याने ही अट चटकन गळी उतरते. योगायोग बघा, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बोलक्या पोपटाचं नावही अॅलेक्सच होतं. अमेरिकी शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी त्या आफ्रिकन करड्या पोपटावर तीस वर्षं काम केलं. रंग, आकार, संख्या यांचे शब्द तो अर्थ समजून वापरतो, असं त्यांनी दाखवलं. २००७ मध्ये तो वारला.

आणि एक खोडसाळ मुद्दा. भारतातला देशी पोपट घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. अॅलेक्स देशी जातीचा असेल, तर न्याय मागायला निघालेल्या टोळीचा वकील स्वतःच एका बेकायदा पिंजऱ्यातून आलेला ठरतो. हा मुद्दा कथेत घेतला असता तर अॅलेक्सचं माणसांवरचं प्रेम कितीतरी गुंतागुंतीचं झालं असतं.

वाटेत खाल्लं काय?

बिबट्या, माकड आणि अस्वल एकत्र चालतात. बिबट्या माकड खातो. मग?

बोलक्या प्राण्यांच्या प्रत्येक चित्रपटाची ही जुनी दुखरी नस. २००५ च्या ‘मादागास्कर’ने ती लपवली नाही. तिथला सिंह भुकेने कासावीस होतो, आपल्या झेब्रा मित्राचाच लचका तोडू पाहतो आणि शेवटी त्याला माशांवर भागवावं लागतं. (त्या सिंहाचंही नाव अॅलेक्स. अॅनिमेशनवाल्यांना दुसरं नाव सुचत नसावं.) ‘झूटोपिया’ने तर शिकारी आणि शिकार यांच्यातल्या अविश्वासावरच सगळी कथा उभी केली. पंचतंत्रही ही गोष्ट विसरत नाही. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री जमते, पण शेवटी सिंह बैलाला मारतोच.

‘दिल्ली सफारी’ या प्रश्नाला सामोरं जात नाही. जंगलातले सगळे एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला, अशी सोपी वाटणी करून तो मोकळा होतो. माझ्या मते चित्रपटातली ही सर्वांत मोठी सुटलेली संधी आहे. कारण मुंबईच्या बिबट्याचं खाणं हाच इथला खरा विषय आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आरे परिसरातल्या बिबट्यांच्या आहारात चितळ-सांबराबरोबर भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, असं अभ्यासांतून दिसलं आहे. कुत्री कचऱ्यावर जगतात, कचरा आपला आणि बिबट्या कुत्र्यांमागे येतो. बिबट्या वस्तीजवळ का दिसतो, याचं अर्ध उत्तर आपल्या कचराकुंडीत आहे.

बाबा बिबट्या

वडील-मुलाचं नातं हा चित्रपटाचा भावनिक कणा. पण खरा नर बिबट्या पिल्लं वाढवत नाही. तो एकटा फिरतो. पिल्लं साधारण दीड-दोन वर्षं आईबरोबर असतात, शिकार तीच शिकवते. म्हणजे खऱ्या युवीला सुलतानची ओळख जेमतेमच असती.

ही चूक मी माफ करते. ‘लायन किंग’नंतर वडिलांच्या मृत्यूशिवाय प्राण्यांचा चित्रपट काढायचा कोणाला धीर होत नाही, आणि मुलांना रडवायला बाबा लागतोच.

बग्गाबद्दल एकच वाक्य: बोरिवलीच्या उद्यानात अस्वलं नाहीत, महाराष्ट्रात ती भेटतील मेळघाट, ताडोबा किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याकडे.

चौदाशे किलोमीटर, पायी

आता सर्वांत रंजक हिशेब. राजधानी एक्स्प्रेसच्या मार्गाने मुंबई ते दिल्ली अंतर १,३८४ किलोमीटर. पडद्यावर ते गाण्यांत आणि चकमकींत आखडून जातं. खरा बिबट्या इतका चालेल का?

याचं उत्तर द्यायला आपल्याकडे एक खरा बिबट्या आहे. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक मोठा नर बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वन विभागाच्या पथकाने त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएस कॉलर बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. वयस्कर, शांत, म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. पुढच्या साधारण महिन्याभरात आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडली आणि पोचला कुठे? मुंबईच्या उंबरठ्यावर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला.

त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला: सुजय डहाके यांचा ‘आजोबा’, २०१४. त्यातली बिबट्यामागे फिरणारी संशोधक कोणी साकारली? उर्मिला मातोंडकर. दोन वर्षांपूर्वी जिने बिबट्याच्या मादीला आवाज दिला, तीच आता बिबट्याचा माग काढत होती. असं कास्टिंग कोणी ठरवून करत नाही.

आता गणित करा. महिन्याला १२० म्हणजे दिवसाला सरासरी ४ किलोमीटर. या वेगाने दिल्ली गाठायला ३४० हून जास्त दिवस, म्हणजे जवळपास वर्ष. बिबट्या एका रात्रीत याहून बराच जास्त चालू शकतो हे खरं, पण इथे सोबत पिल्लू आहे. निघताना युवी सहा महिन्यांचा धरला तर पोचेपर्यंत दीड वर्षाचा, स्वतः शिकार करण्याच्या वयाचा. संसदेच्या दारात गोंडस पिल्लू पोचणारच नाही, पोचेल तो उमदा तरुण बिबट्या. पोलिसांनी त्याच्याशी गप्पा मारल्या असत्या का, हा वेगळा प्रश्न.

पण संसदच का?

चित्रपट आला तेव्हा अनेकांना हीच गोष्ट सर्वांत बालिश वाटली असणार. झाड तोडलं मुंबईत, तक्रार दिल्लीत? महापालिका आहे, राज्य सरकार आहे, उच्च न्यायालय आहे.

कायदा बघितला तर गंमत आहे. जंगल हा विषय आधी फक्त राज्यांकडे होता. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने जंगल आणि वन्यप्राण्यांचं संरक्षण हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात आले. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची आधी मंजुरी लागते. आणि राष्ट्रीय उद्यानाची हद्द बदलायची असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस हवी. या मंडळाचे अध्यक्ष कोण असतात? पंतप्रधान.

म्हणजे बग्गाचं बरोबर होतं! प्राण्यांनी संसदेऐवजी वन्यजीव मंडळाच्या बैठकीत घुसायला हवं होतं, एवढाच काय तो पत्त्याचा घोळ.

खरी फट दुसरीकडे आहे. इतकी कुलपं असलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आत बिल्डर थेट बुलडोझर घालून टॉवर कसा उभारणार? उद्यानात अतिक्रमणं झाली, त्यावर १९९०च्या दशकापासून मुंबई उच्च न्यायालयात खटले चालले, हे खरं. पण चित्रपटात दिसतो तसा उघड, यंत्रं लावून चाललेला प्रकल्प उद्यानाच्या पोटात पटत नाही.

तो पटेल एका ठिकाणी. उद्यानाला लागून असलेल्या, बिबट्यांचा रोजचा वावर असलेल्या, पण कागदावर राष्ट्रीय उद्यान नसलेल्या जमिनीवर. सुलतानचं घर काही किलोमीटर दक्षिणेला सरकवा, आणि कथेची ही फट जवळजवळ बुजते. त्या जागेचं नाव आरे.

आरेमध्ये ठेवून बघा

आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये सुरू झाली. शहरातले तबेले बाहेर हलवायचे आणि मुंबईला चांगलं दूध द्यायचं, ही कल्पना. सुमारे १,२८७ हेक्टर जागा, गुरांची युनिट्स, गवताची कुरणं, तलाव, २७ आदिवासी पाडे. पुढे यातच शेजारी दादासाहेब फाळके चित्रनगरी आली. जुलै २०२३ मध्ये तिथे एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला आणि त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. बिबट्याला हद्दीची पाटी वाचता येत नाही. कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि आजूबाजूच्या परिसरात २०१५ मध्ये ३५ बिबटे दिसले होते, २०१८ मध्ये ४७.

मग ऑक्टोबर २०१९. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याला विरोध करणाऱ्या याचिका ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. परिसरात जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाला सुट्टी असताना त्या पत्राचीच याचिका झाली, विशेष खंडपीठ बसलं आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आणखी झाडं तोडू नका. तोवर २,१४१ झाडं तोडून झाली होती.

म्हणजे चित्रपटानंतर सात वर्षांनी ‘दिल्ली सफारी’ खरोखर घडली. मुंबईच्या जंगलाचा प्रश्न दिल्लीत गेला, कोणीतरी दुसऱ्याच्या वतीने बोललं आणि दिल्लीने ऐकलं. फक्त संसदेऐवजी न्यायालय होतं आणि पोपटाऐवजी एक विद्यार्थी.

इथे शेवट करता आला असता तर आरेची गोष्टही गोड झाली असती. तसं झालं नाही. २०२० मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने आरेतली सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करण्याचं जाहीर केलं आणि कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरवलं. त्या कामाला उच्च न्यायालयाची स्थगिती आली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली. मेट्रो कॉर्पोरेशन १७७ झाडांची परवानगी मागायला गेलं, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याला १० लाख रुपयांचा दंड केला. ऑक्टोबर २०२४ पासून आरे स्थानकातून मेट्रो धावते आहे.

कथाकाराच्या नजरेने पाहिलं तर ‘दिल्ली सफारी’चा सगळ्यात कच्चा दुवा हाच. कोणीतरी वरचा एकदा ऐकतो आणि जंगल कायमचं वाचतं. आरेत एका निर्णयानंतर दुसरा आला, दुसऱ्यानंतर तिसरा. आणि प्रत्येक बाजूकडे कारण होतं. मेट्रो लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्यांसाठी होती, कोणा खलनायकाच्या बंगल्यासाठी नव्हती. चित्रपटातला बिल्डर इतका वाईट आहे की प्रेक्षकाला काही ठरवावंच लागत नाही.

मग पाडे कुठे गेले?

एक गोष्ट मात्र माफ करवत नाही. चित्रपटातलं जंगल प्राण्यांचं, शहर माणसांचं. जंगलात राहणारी माणसं कथेच्या केंद्रात कुठेच नाहीत.

आरे आणि उद्यानाच्या परिसरात वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. वारली लोक वाघोबाला पुजतात, आणि त्यांच्या वाघोबात वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात. दगडात किंवा लाकडात कोरलेला वाघोबा, दिवाळीच्या सुमारास वाघबारस, गुरांना आणि माणसांना सांभाळ अशी मागणी. बिबट्याशी बोलायला त्यांना पोपट लागलेला नाही. आणि हे नातं गोड-गोडही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीतच, आरेत बिबट्याच्या हल्ल्यात १६ महिन्यांच्या मुलीचा जीव गेला. पाड्यांवर रात्री दिवे नसणं, घरात शौचालय नसणं, कचरा न उचलला जाणं हे तिथे बिबट्याचेच प्रश्न असतात.

बजरंगी म्हणतो लढू, बग्गा म्हणतो बोलू. त्या सभेत पाड्यावरची एखादी आजी बसवली असती, तर तिने दोघांनाही आधी एक साधा प्रश्न विचारला असता: दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत रात्री अंगणातली शेळी कोण राखणार?